सातबाऱ्यावरचा 'चार्ज'

पत्र असं आहे:

'ताई, नमस्कार. मी पलूस तालुक्यातली. शाळा गावात, बी.कॉम. सांगलीत, सगळं मराठीतून. गेल्या वर्षी सांगलीतल्या एका वित्तसंस्थेच्या कर्ज विभागात लागले. मागच्या महिन्यात एका द्राक्षबागायतदाराची फाइल माझ्याकडं होती. पुण्याहून वकील साहेबांचा मेल आला, "काइंडली कन्फर्म व्हेदर देअर इज एनी चार्ज ऑन द लँड." मला वाटलं, जमीन पाहणीला जायचे काही पैसे लागतात का, असं विचारतायत. मी लिहिलं, "नो सर, देअर इज नो चार्ज. इट इज फ्री." खरं तर त्या गटावर गावच्या विकास सोसायटीच्या तीन लाखांच्या कर्जाचा बोजा आहे, आणि तो सातबारा माझ्याच टेबलावर होता. पैसे सुटायच्या आधी शेजारच्या मॅडमच्या लक्षात आलं म्हणून बरं. तेव्हापासून आमचे सीनियर साहेब मला "नो चार्ज मॅडम" म्हणून हाक मारतात आणि सगळे हसतात. घरी डिक्शनरी उघडली तर "चार्ज"चे अर्थ संपता संपेनात. हे सगळं पाठ करायचं का? स्पोकन इंग्लिशचा क्लासवाला पंधरा हजार मागतोय, लावू का? मराठी माध्यमामुळंच असं होतं का?

ता. क. माझ्या ऑर्डरमध्ये एक वाक्य आहे, "ट्रेनीज विल बी इन द चार्ज ऑफ द सीनियर ऑफिसर." म्हणजे मी त्यांची इनचार्ज की ते माझे? विचारायला लाज वाटते.

– एक वाचक, पलूस तालुका'

ताई, तुमच्या पत्रातली एक गोष्ट तुमच्या ऑफिसात कुणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. तुमचं इंग्रजी चुकलेलं नव्हतं. 'देअर इज नो चार्ज, इट इज फ्री' हे वकिली भाषेत अगदी धडधाकट उत्तर आहे. 'फ्री फ्रॉम ऑल चार्जेस अँड एन्कम्ब्रन्सेस' असं खरेदीखतांत पानोपानी लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ 'जमीन निर्वेध आहे, कुणाचा बोजा नाही'. म्हणजे पुण्याला वकील साहेबांनी तुमचा मेल वाचला तेव्हा त्यांना हसू आलं नसणार. त्यांनी 'चला, जमीन मोकळी आहे' म्हणून पुढच्या कागदावर टिक केली असणार. वाक्य मोडकंतोडकं असतं तर त्यांनी उलट विचारलं असतं. ते नीटनेटकं होतं, म्हणून सरळ पुढं गेलं. टोपणनावाचं नंतर बघू. आधी हे लक्षात घ्या, की ही गोष्ट हसण्यावारी न्यायची नव्हती. तुमच्या साहेबांनीही नाही आणि तुम्हीही नाही. सोसायटीचा बोजा असलेल्या जमिनीवर ती मोकळी समजून कर्ज गेलं असतं, तर वसुलीच्या वेळी आधी सोसायटी आणि मग तुमची संस्था, अशी रांग लागली असती.

आता डिक्शनरीकडं येऊ. अर्थ पाठ करू नका. तुम्ही ते पान पाहून घाबरलात, कारण तिथं बॅटरी, पोलीस, बँक, बंदूक, नोकरी आणि रेडा एका ओळीत उभे आहेत. पण त्यातले बहुतेक एका घरातले आहेत, आणि ते घर आपल्या भागात रोज रस्त्यावर दिसतं. लॅटिन भाषेत गाड्याला 'कॅरस' म्हणायचे. गाड्यावर माल लादणं म्हणजे 'कॅरिकारे'. तो शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि 'चार्ज' झाला. मूळ अर्थ इतकाच: लादणं, भरणं, ओझं घालणं. 'कार्गो' हा त्याचाच चुलतभाऊ, 'कॅरी' आणि 'कार' हेही त्याच भावकीतले. गळितात कारखान्याच्या वाटेवर उसानं भरलेल्या गाड्यांची रांग लागते ना, ती बघून 'चार्ज' आठवला तरी चालेल.

एकदा ओझं डोळ्यासमोर ठेवलं, की बाकीचे अर्थ आपोआप जागेवर बसतात. जमिनीवर कर्जाचं ओझं असेल तर तो चार्ज म्हणजे बोजा. माणसावर गुन्ह्याचं ओझं ठेवलं तर आरोप. खुर्चीवर बसणाऱ्यावर कामाचं ओझं आलं तर पदभार. गिऱ्हाइकावर पैशांचं ओझं टाकलं तर आकार. आणि मोबाइलात विजेचं ओझं भरलं तर आपण चार्जिंग म्हणतो.

आता हेच मराठी शब्द परत एकदा वाचा. बोजा, भार, आरोप. या प्रत्येक ठिकाणी मराठीनं इंग्रजीला न विचारता, किंवा कधी विचारून, तेच चित्र उभं केलेलं आहे. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात तलाठी 'बोजा' लिहितो, तो ओझ्याचाच शब्द. नवीन कलेक्टर 'पदभार' स्वीकारतात, तात्पुरता अधिकारी 'प्रभारी' असतो, त्याच्याकडं 'अतिरिक्त कार्यभार' असतो. शाळेत आपण 'विद्युतप्रभार' शिकलो, धन आणि ऋण. इंग्रजीत सरचार्ज म्हणतात त्याला सरकारी मराठीत 'अधिभार' म्हणतात, ओझ्यावर वरून आणखी ओझं. सभेतलं वातावरण 'भारलेलं' असतं, त्याला इंग्रजीतही 'चार्ज्ड'च म्हणतात. 'आरोप' या शब्दात भार दिसत नाही, पण त्याचा मूळ अर्थ 'वर ठेवणं, बसवणं' हाच. वृक्षारोपणातलं आरोपण आणि पोलिसांनी केलेला आरोप हे सख्खे भाऊ आहेत. एकात खड्ड्यात रोप बसवतात, दुसऱ्यात माणसाच्या डोक्यावर दोष.

म्हणजे डिक्शनरीतले जे अर्थ तुम्हाला संपता संपेनात, त्यातलं बरंचसं तुम्हाला लहानपणापासून येतंय. वडिलांना विचारा, 'जमिनीवर काय चार्ज आहे का?' ते म्हणतील, 'म्हंजे?' मग विचारा, 'बोजा काय हाय का?' ते आकड्यासकट सांगतील, वर कुठल्या साली चढवला तेही सांगतील.

तुमच्या कामाचा आहे तो हाच अर्थ, म्हणून इथं थोडं थांबते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ मध्ये कलम १०० आहे. त्यात 'चार्ज'ची व्याख्या आहे. एकाची स्थावर मालमत्ता दुसऱ्याच्या पैशांसाठी तारण झाली, मग ती दोघांच्या करारानं होवो किंवा कायद्यानं आपोआप होवो, आणि तो व्यवहार गहाणखतात बसत नसेल, तर तो चार्ज. म्हणजे गहाण आणि चार्ज हे दोन वेगळे आहेत, पण दोन्ही जमिनीला चिकटतात. विकास सोसायटीचा सभासद कर्ज घेताना जमिनीबद्दल जे लिहून देतो, त्याला आपल्याकडं इकरार म्हणतात. तो महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ४८ खाली येतो, आणि त्यानं जमिनीवर चार्ज बसतो. त्याचा फेरफार होतो, म्हणजे महसुली दप्तरात नोंद होते, मग सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा दिसायला लागतो. तुमच्या टेबलावर होता तो हाच.

वकील साहेबांनी विचारलेला प्रश्न मराठीत 'या जमिनीवर कुणाचा बोजा आहे का' एवढाच होता. त्याचं उत्तर कुठं शोधायचं हे तुम्हाला आधीच माहीत आहे: सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या जमिनींचा उतारा), मागचे फेरफार, दुय्यम निबंधकाकडची दस्तांची सूची, वकिलाचा सर्च रिपोर्ट, आणि सोसायटीचा दाखला. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या, कोल्हापूर-पुण्याच्या कॉलेजातून आलेल्या मुलाला तो मेल आला असता तर त्यानंही 'नो चार्ज' लिहिलं असतं, कारण त्याला 'बोजा' हा शब्दच माहीत नसता. तुम्हाला तो माहीत होता. दोन शब्दांची गाठ पडली नाही, इतकंच.

आणि ती का पडली नाही, हे तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. माध्यमाचा इथं फारसा संबंध नाही. अनोळखी शब्द आला असता, समजा त्यांनी 'एन्कम्ब्रन्स' लिहिलं असतं, तर तुम्ही मुकाट्यानं अर्थ बघितला असता. 'चार्ज' बघायचं तुमच्या मनातही आलं नाही, कारण तो आता आपल्यातलाच झालाय. 'फोन चार्जिंगला लाव', 'डिलिव्हरी चार्ज किती', 'आमच्या तलाठ्याकडं तीन गावांचा चार्ज हाय', हे गावातली आजीसुद्धा बोलते. जो शब्द आपल्या बोलण्यात मुरलाय, त्याचे दोन-तीन अर्थ आपण धरून बसतो आणि चौथा असेल असं वाटतच नाही. कर्जाच्या फाइलीत असे आणखी लबाड शब्द आहेत. 'इंटरेस्ट' म्हणजे व्याज, पण 'हिज इंटरेस्ट इन द प्रॉपर्टी' म्हणजे त्याचा जमिनीतला हितसंबंध. 'टायटल' म्हणजे पिक्चरचं नाव नव्हे, मालकी. 'कन्सिडरेशन' म्हणजे विचार नव्हे, व्यवहारातला मोबदला. 'एक्झिक्यूटेड' वाचून दचकू नका, दस्त करून दिला असा अर्थ आहे. ओळखीचा शब्द अनोळखी ठिकाणी दिसला की तिथं थांबायचं. अवघड शब्दांपाशी सगळेच थांबतात.

मग अर्थ ओळखायचा कसा? चार्जच्या आगेमागे काय आहे ते बघा, तो एकटा कधी फिरत नाही. 'चार्ज ऑन' आलं की मालमत्तेवरचा बोजा, 'चार्ज फॉर' आलं की कशाचे तरी पैसे. 'चार्ज अगेन्स्ट' कुणाचं तरी नाव घेऊन येतं, तो आरोप. क्रियापद म्हणून 'चार्ज्ड विथ थेफ्ट' म्हणजे चोरीचा आरोप ठेवला. 'चार्ज इट टू अवर अकाउंट' हे पत्रात आलं तर प्लग शोधू नका. मार्केट यार्डातले हळदीचे व्यापारी ज्याला 'आमच्या खात्याला नावे टाका' म्हणतात, तेच आहे हे.

अनेकवचनानंही फसगत होते. 'फ्री ऑफ चार्ज' म्हणजे फुकट. 'फ्री फ्रॉम ऑल चार्जेस' म्हणजे, जमीन असेल तर बोजा नाही. तुमच्या मेलात नुसतं 'फ्री' होतं, त्यामुळं तुम्ही फुकट म्हणत होता आणि वकील साहेब निर्वेध वाचत होते.

क्रियापद तर चाडीच सांगतं. चार्जेस 'पे' केले तर पैसे, 'फेस' केले तर आरोप. 'लेव्ही' केले तर आकारणी, 'वेव्ह' केले तर माफी. 'ड्रॉप' केले म्हणजे आरोप मागं घेतले. 'टेक', 'अझ्यूम', 'हँड ओव्हर' आले की खुर्चीचा मामला. आणि 'क्रिएट अ चार्ज' म्हणजे बोजा चढवणं. तो उतरवण्याला इंग्रजीत 'सॅटिस्फॅक्शन ऑफ चार्ज' म्हणतात. कुणाचं सॅटिस्फॅक्शन, असं मनात येईल. सावकाराचं! पैसे मिळाले, समाधान झालं, नाव कमी करा. कर्जदार कंपनी असेल तर हे शब्द तुम्हाला हमखास भेटतील, कारण कंपनी कायदा २०१३ प्रमाणं कंपनीच्या मालमत्तेवरचा चार्ज तीस दिवसांत कंपनी निबंधकाकडं नोंदवायचा असतो.

एक जोडी मात्र वहीत लिहूनच ठेवा, कारण तिथं अर्थ ओळखणं अवघड जातं. महावितरणच्या बिलावर 'स्थिर आकार' असतो, इंग्रजीत 'फिक्स्ड चार्ज'. वीज वापरा न वापरा, तो द्यावाच लागतो. तुमच्या संस्थेच्या मंजुरीपत्रातही 'फिक्स्ड चार्ज' येऊ शकतो, पण तिथं त्याचा बिलाशी काही संबंध नाही. तिथं तो ठरावीक मालमत्तेवर, म्हणजे इमारतीवर, यंत्रावर बसलेला बोजा. त्याच्या जोडीला 'फ्लोटिंग चार्ज' असतो, म्हणजे हलत्या मालावरचा. समजा एखाद्या कंपनीचा बेदाणा कोल्ड स्टोरेजमध्ये आहे. आजची पेटी उद्या विकली जाते, तिच्या जागी दुसरी येते. बोजा एका पेटीवर नसतो, त्या त्या वेळी जो माल असेल त्यावर असतो. कंपनीनं पैसे थकवले आणि वसुली सुरू झाली की तो त्या क्षणी असलेल्या मालावर घट्ट बसतो. तरंगत होता तो टेकला, असं म्हणा.

जाता जाता, महावितरणच्या बिलात 'स्थिर आकार', 'वीज आकार', 'वहन आकार' असं खाली खाली लिहिलेलं असतं. परराज्यातून आलेला, नुकतं मराठी शिकलेला माणूस म्हणेल, विजेला कसला आकार? गोल की चौकोनी? सातबाऱ्यावर 'आकारणी' असते, पोलीस दंड 'आकारतात', आणि कुंभार मडक्याला आकार देतो. आपल्याला त्यात काही अडत नाही, कारण शेजारचा शब्द सांगतो. तीच सवय इंग्रजीला लावायची आहे.

पोलिसांचा चार्ज तुमच्या कामाचा नाही, पण पेपरात रोज येतो म्हणून दोन ओळी. 'चार्जशीट' पोलीस कोर्टात देतात, मराठीत दोषारोपपत्र. चार्जशीट दिली म्हणजे कोर्टानं आरोप मान्य केला असं नव्हे. कोर्ट ते वाचून मग 'चार्ज फ्रेम' करतं, म्हणजे कुठल्या आरोपावर खटला चालायचा ते ठरवतं. चार्ज फ्रेम करण्याइतकं काही नसलं तर आरोपी 'डिस्चार्ज' होतो, म्हणजे दोषमुक्त. खटला पूर्ण चालून सुटला तर तो 'अक्विटल'. पेपरवाले दोन्हीला 'सुटका' म्हणतात. कचेरीतल्या खातेनिहाय चौकशीतही चार्जशीट असते, तिथं पोलिसाचा काही संबंध नसतो. आणि लाठीचार्जमध्ये ओझं शोधत बसू नका, तिथं 'चार्ज' म्हणजे चाल करून जाणं. शिराळ्याकडं चांदोलीच्या रानात गवा अंगावर आला तर इंग्रजीत 'द बायसन चार्ज्ड ॲट हिम' म्हणतील. हा अर्थ वेगळाच धरा, पाठ करायचा असेल तर हा एकच करा.

बॅटरीचा चार्ज कुठून आला हे मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुनी ठासणीची बंदूक आठवा. दारू भरायची, ठासायची, मग बार काढायचा. भरण्याला इंग्रजीत 'चार्ज' आणि बार काढण्याला 'डिस्चार्ज'. १७४० च्या दशकात अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन काचेच्या बरण्यांत वीज साठवून प्रयोग करत होते. बरणी भरली की ती 'चार्ज' झाली, हात लावला की झटका देऊन रिकामी झाली, 'डिस्चार्ज'. वीज साठवणारी काचेची बरीच तावदानं एकत्र जोडली, त्याला त्यांनी 'बॅटरी' म्हटलं, कारण एका रांगेत लावलेल्या तोफांना बॅटरी म्हणतात. आज तुम्ही मोबाइल चार्जिंगला लावता तेव्हा तिथं तोफखान्याचे दोन शब्द वापरात असतात, आणि कुणाला त्याचा पत्ता नसतो.

'डिस्चार्ज'चं प्रकरण तुम्हाला पुढं कधी तरी अडवेल. पावसाळ्यात सांगलीत सगळ्यांच्या तोंडी असतो तो कोयनेचा विसर्ग, इतके क्युसेक. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण अठ्ठावीस लिटर. तो विसर्ग म्हणजे डिस्चार्ज, आणि त्याकडं लक्ष ठेवत आयर्विन पुलावरचे पाणीपातळीचे आकडे बघणारे लोक मिरजेच्या दवाखान्यातून 'डिस्चार्ज मिळाला' असंही म्हणतात. धरणाचं पाणी सुटतं, पेशंट सुटतो. इथवर सोपं आहे. पण 'ही डिस्चार्ज्ड हिज ड्युटीज' म्हणजे त्यानं आपलं काम नीट पार पाडलं, आणि 'ही वॉज डिस्चार्ज्ड फ्रॉम हिज ड्युटीज' म्हणजे त्याला कामावरून काढलं. मध्ये एक 'वॉज' आणि एक 'फ्रॉम' आहे, आणि माणसाची नोकरी तेवढ्यावर लटकलेली आहे. कुणाच्या सेवा दाखल्याचा मसुदा करायला सांगितला तर हे वाक्य दोनदा वाचा.

'रिचार्ज'ही असाच. तुमच्या पिढीला तो दोनशे-तीनशे रुपयांचा. आटपाडी-जतकडच्या शेतकऱ्याला विचारा, तो विहिरीचं पुनर्भरण म्हणेल. पावसाचं पाणी गाळून विहिरीत सोडायचं आणि जमिनीचं पोट भरायचं. जलसंधारणाच्या कर्जाची फाइल आली आणि तीत 'ग्राउंडवॉटर रिचार्ज' दिसलं तर कुठल्या कंपनीचा प्लॅन, असं विचारू नका.

क्लासचं. पंधरा हजार देऊ नका. निदान या कारणासाठी तरी नको. मला स्पोकन इंग्लिशचं वावडं नाही; लोकांसमोर बोलायची भीड चेपायची असेल तर खुशाल जा. पण तिथं 'माय नेम इज' आणि 'हाऊ टू ऑर्डर इन अ रेस्टॉरंट' शिकवतील. बोजा कुणाच्या लाभात आहे हे कसं लिहायचं, ते तिथं शिकवणाऱ्यालाही येत नसेल. त्यापेक्षा तुमच्या ऑफिसात जुन्या मंजूर फाइली आहेत ना, त्यातले वकिलांचे मेल आणि त्यांना गेलेली उत्तरं काढा. रोज एक फाइल. ज्या वाक्यात ओळखीचा शब्द अनोळखी वाटेल ते वाक्य पूर्ण वहीत उतरवा, आणि शेजारी त्याचं मराठी लिहा, 'सातबाऱ्यावर कुणाचा बोजा', 'दस्त कुणी करून दिला', असं. नुसता शब्द आणि अर्थ लिहू नका, तो उपयोगी पडत नाही. शेजारच्या मॅडमना, ज्यांच्या लक्षात आलं, त्यांना ती वही दाखवा. त्यांचा चहा तुमच्याकडून. पंधरा हजारांपेक्षा कितीतरी स्वस्त पडेल.

आणि खात्री नसेल तर उलट विचारा. वकील साहेबांना मेल करणं अपमानाचं नाही. 'सर, बाय चार्ज डू यू मीन एनी लोन एंट्री इन द अदर राइट्स कॉलम?' असं लिहिलं तर ते तुम्हाला हुशार समजतील, कारण प्रश्नातच तुम्ही सातबारा वाचता हे दिसतं. त्या दिवशीचं उत्तर खरं तर असं जायला हवं होतं: 'ॲज पर द सेव्हन-ट्वेल्व्ह एक्स्ट्रॅक्ट, देअर इज अ सबसिस्टिंग चार्ज ऑफ रुपीज थ्री लाख इन फेव्हर ऑफ द व्हिलेज सोसायटी.' 'इन फेव्हर ऑफ' म्हणजे 'च्या लाभात'. 'सबसिस्टिंग' म्हणजे अजून चालू असलेला. तो अवघड वाटला तर 'एक्झिस्टिंग' लिहा. पुढं एक ओळ घाला, की कर्जाच्या रकमेतून आधी सोसायटीची बाकी भरून बोजा कमी करून घेणार की सोसायटीचा ना-हरकत दाखला आणणार. वकिलाला हवी असते ती ही दुसरी ओळ.

दुरुस्तीचा मेल गेला का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. 'लक्षात आलं म्हणून बरं' एवढंच लिहिलंय. शेजारच्या मॅडमनी तोंडी सांगितलं असेल तर ते पुरेसं नाही. तुमचा चुकीचा मेल त्या फाइलीत अजून तसाच असेल आणि त्यावर तुमचं नाव आहे. आजच त्याच मेलला उत्तर म्हणून 'इन सुपरसेशन ऑफ माय अर्लियर रिप्लाय' अशी सुरुवात करून वरचं वाक्य पाठवा, सातबारा जोडा, आणि सीनियर साहेबांना प्रत ठेवा. पुढंमागं कुणी फाइल काढली तर हा कागद तुमच्या बाजूनं बोलेल.

आता ताजा कलम. 'इन चार्ज ऑफ' आणि 'इन द चार्ज ऑफ' यात फक्त एक 'द' आहे, पण ती ओळ उलटी होते. 'शी इज इन चार्ज ऑफ द ब्रँच' म्हणजे शाखा तिच्या ताब्यात. 'द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ द नर्स' म्हणजे मूल नर्सच्या ताब्यात, सांभाळायचं काम नर्सचं. मुलाला इंग्रजीत त्या नर्सचा 'चार्ज' असंही म्हणतात, सोपवलेलं ओझं या अर्थानं. तुमच्या ऑर्डरमधलं वाक्य दुसऱ्या प्रकारचं आहे. तुम्ही त्यांच्या इनचार्ज नाही; तुम्हाला त्यांच्याकडं सोपवलेलं आहे. तुमचं काम तपासणं, तुमच्या नावानं बाहेर जाणारा कागद आधी नजरेखालून घालणं, हे ऑर्डरप्रमाणं त्यांच्या गळ्यात आहे. वकिलाला गेलेला तो मेलसुद्धा.

ऑर्डरची एक प्रत टेबलाच्या खणात ठेवा. पुढच्या वेळी 'नो चार्ज मॅडम' अशी हाक आली, तर ती काढून त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा, 'साहेब, या ओळीचा अर्थ तेवढा समजावून सांगता का?'